मुलांच्या लंगोटाचे रुमाल डोक्याला बांधून लष्करी राजवटीला जाब विचारणाऱ्या अर्जेंटिनातल्या आया

अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेस. शहराच्या मध्यभागी प्लाझा दे मायो नावाचा चौक आहे. एका बाजूला राष्ट्राध्यक्षांचं गुलाबी रंगाचं कार्यालय, जवळच कॅथेड्रल, आणि मधोमध एक छोटा पांढरा मनोरा. या मनोऱ्याभोवती फरशीवर गोलाकार पांढऱ्या आकृत्या रंगवलेल्या दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला त्या काय आहेत ते चटकन कळत नाही. ती हनुवटीखाली गाठ मारलेल्या रुमालाची चित्रं आहेत. आणि तो रुमालही मुळात रुमाल नव्हताच. ते तान्ह्या बाळाच्या लंगोटाचं कापड होतं.

आपल्याकडे अर्जेंटिना म्हटलं की मॅराडोना आणि मेस्सी आठवतात. पण सरकारला प्रश्न कसा विचारायचा, तोही जिथे प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्या दिवशी घरी सापडत नाही अशा काळात, हे शिकायला जगभरातले लोक ज्या थोड्या उदाहरणांकडे बघतात त्यात या चौकातल्या आया येतात. त्यांच्यापाशी पक्ष नव्हता, पैसा नव्हता, बहुतेकींना राजकारणाचा गंधही नव्हता. त्या फक्त एकच प्रश्न घेऊन आल्या होत्या. आमची मुलं कुठे आहेत?

माणसं 'गायब' का केली जायची?

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरॉन यांचं सरकार उलथवलं. भूदलाचा होर्खे व्हिदेला, नौदलाचा एमिलियो मासेरा आणि हवाई दलाचा ओर्लांदो आगोस्ती अशा तिघांच्या हातात देश गेला. खरं सांगायचं तर त्या दिवशी अनेक सामान्य लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला होता. आधीची दोन-तीन वर्षं भयानक गेली होती. महागाई आकाशाला भिडलेली, मोंतोनेरोस आणि ईआरपी या डाव्या सशस्त्र गटांचे हल्ले आणि अपहरणं चालू, तर दुसरीकडे 'ट्रिपल ए' नावाची उजव्या बाजूची टोळी विरोधकांना टिपून मारत होती. लष्कर आलं म्हणजे निदान शिस्त तरी येईल, असा हिशेब होता. लष्करानेही आपल्या राजवटीला 'राष्ट्रीय पुनर्रचनेची प्रक्रिया' असं सभ्य नाव दिलं.

शिस्त आली ती रात्रीची. नंबरप्लेट नसलेली फोर्ड फाल्कन गाडी दारात थांबायची, साध्या कपड्यातली माणसं घरात घुसायची आणि विद्यार्थी, कामगार पुढारी, वकील, पत्रकार, झोपडपट्टीत काम करणारी मुलंमुली यांना उचलून न्यायची. बंदूक घेतलेले कमी आणि पत्रकं वाटणारे जास्त. कधी कधी तर नुसतं एखाद्याच्या फोनच्या वहीत नाव सापडलं म्हणून.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. विरोधकांना तुरुंगात टाकणं किंवा गोळ्या घालणं हे हुकूमशहांना नवीन नाही. पण शेजारच्या चिलीत १९७३ मध्ये पिनोशेने सत्ता घेतली तेव्हा स्टेडियममध्ये कोंडलेल्या कैद्यांचे फोटो जगभर गेले आणि ओरड झाली. अर्जेंटिनाच्या सेनाधिकाऱ्यांनी यातून वेगळा धडा घेतला. अटक दाखवायचीच नाही. खटला नाही, शिक्षा नाही, मृतदेह नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, असा माणूस आमच्याकडे नाही. कदाचित परदेशात पळाला असेल, कदाचित भूमिगत झाला असेल. मृतदेहच नसेल तर खून सिद्ध कसा करणार? आणि कुटुंबीयही आशेपोटी गप्प बसतात, कारण आपण आरडाओरडा केला तर जिवंत असलेल्या मुलाला त्रास होईल ही भीती असते. या पद्धतीमुळे स्पॅनिश भाषेतला 'देसापारेसिदो' म्हणजे 'गायब झालेला' हा साधा शब्द जगाच्या कायद्याच्या पुस्तकात गेला.

डिसेंबर १९७९ मध्ये एका पत्रकाराने व्हिदेलाला या लोकांबद्दल सरळ विचारलं. त्याचं उत्तर व्हिडिओवर उपलब्ध आहे. हातवारे करत तो समजावतो की गायब झालेला माणूस ही एक अज्ञात गोष्ट आहे, तो मेलेलाही नाही आणि जिवंतही नाही, तो गायब आहे. एखादा मास्तर गणित शिकवतो तितक्या शांतपणे.

चौकात यायचं ठरलं कसं?

मुलगा किंवा मुलगी गायब झाली की आईबाप आधी पोलीस चौकीत जायचे. तिथून छावणीत, तिथून गृहखात्यात, तिथून हॉस्पिटलं आणि शवागारं. कोर्टात 'हेबियस कॉर्पस' म्हणजे 'माणसाला न्यायाधीशासमोर हजर करा' असे हजारो अर्ज झाले. जवळपास सगळे फेटाळले गेले, कारण सरकार म्हणायचं की असा कोणी कैदी नाहीच. वडिलांना नोकरी होती, आणि पुरुष फार चौकशी करू लागला तर त्यालाही उचलतील ही भीती होती. त्यामुळे हेलपाटे आयांच्या वाट्याला आले. त्याच त्याच बाकांवर त्याच त्याच बायका दिसू लागल्या. सुरुवातीला कोणी कोणाशी बोलत नसे. समोरची बाई हेर असली तर?

नौदलाच्या चर्चमध्ये एक धर्मगुरू गायब माणसांच्या नावांची कार्डं ठेवून होता आणि आयांना गोड बोलून वाटेला लावायचा. तिथल्या रांगेत असुसेना व्हिलाफ्लोर नावाच्या बाईंचा संयम सुटला. वय पन्नाशीच्या पुढचं. घर सांभाळणारी बाई. तरुणपणी एका कारखान्यात टेलिफोनवर काम केलेलं. मुलगा नेस्तोर आणि त्याची होणारी बायको राकेल यांना ३० नोव्हेंबर १९७६ ला उचललं होतं. असुसेना म्हणाल्या की इथे बसून काही होणार नाही, आपण प्लाझा दे मायोला जाऊ, आणि आपण पुरेशा संख्येने गेलो की राष्ट्राध्यक्षाला आपल्याला भेटावंच लागेल.

३० एप्रिल १९७७ ला चौदा जणी गेल्या. तो निघाला शनिवार! कचेऱ्या बंद, चौक ओस, बघायला कबुतरांशिवाय कोणी नाही. जगप्रसिद्ध आंदोलनाची सुरुवात अशी झाली. मग शुक्रवार धरला. पण एक आई म्हणाली की शुक्रवार चांगला वार नाही, तो चेटकिणींचा दिवस. म्हणून गुरुवार ठरला, दुपारी साडेतीन. कचेऱ्या, बँका सुटायची वेळ, चौकात भरपूर वर्दळ. तेव्हापासून तोच वार आणि तीच वेळ आहे.

उभं राहायला बंदी होती, मग त्या चालू लागल्या

देशात आणीबाणी लागू होती. तीन किंवा जास्त माणसांनी एकत्र थांबणं म्हणजे बेकायदा जमाव. पोलीस आले आणि बायकांना म्हणाले, इथे थांबायचं नाही, चालत राहा. बायकांनी आज्ञा पाळली. दोघी-दोघींनी हातात हात घातले आणि मनोऱ्याभोवती चालायला सुरुवात केली. एक फेरी, दुसरी फेरी, तिसरी. पोलिसांनी सांगितलं तेच तर त्या करत होत्या! जगभर फोटोत दिसणारी ती गोल फेरी कोणा हुशार नेत्याने आखलेली नव्हती. ती पोलिसांच्याच हुकुमातून निघाली.

अशा छोट्या युक्त्या पुढे बऱ्याच निघाल्या. एकीकडे ओळखपत्र मागितलं की सगळ्याजणी आपापली ओळखपत्रं पुढे करायच्या आणि तपासता तपासता पोलिसांचा घाम निघायचा. एकीला चौकीत नेलं तर बाकीच्या म्हणायच्या, आम्हालाही न्या. कोणाच्या घरी जमायचं तर वाढदिवस किंवा विणकामाचं निमित्त. निरोप चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेळी चिठ्ठीतून द्यायचे.

सरकारने त्यांना नाव ठेवलं, 'चौकातल्या वेड्या'. यामागे हिशेब होता. वेडी बाई धोकादायक नसते, तिच्याकडे लक्ष द्यायचं नसतं. पण याच समजुतीने आयांना सुरुवातीचे काही महिने मिळवून दिले. ही राजवट स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीची आणि कुटुंबसंस्थेची रक्षक म्हणवत होती. टीव्हीवरून पालकांना विचारलं जायचं, तुमचा मुलगा या क्षणी कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मग एक दिवस आई खरंच राष्ट्राध्यक्षाच्या दारात येऊन म्हणाली, नाही, माहीत नाही, तुम्हीच सांगा. कुटुंबाचं नाव घेऊन राज्य करणाऱ्यांना आईवर बंदूक कशी रोखायची हा प्रश्न पडला. अर्थात तो फार काळ पडला नाही.

रुमालाची गोष्ट ऑक्टोबर १९७७ मधली. लुहान गावच्या मेरीमातेच्या देवळापर्यंत दरवर्षी मोठी पदयात्रा निघते, आपल्याकडच्या वारीसारखी. लाखोंच्या गर्दीत एकमेकींना ओळखायचं कसं? कोणीतरी सुचवलं की मुलांचे जुने लंगोट डोक्याला बांधू, प्रत्येक आईने एखादा तरी जपून ठेवलेला असतो. तेव्हा कापडी लंगोटच असायचे. पुढे त्यावर मुलाचं नाव आणि गायब झाल्याची तारीख निळ्या दोऱ्याने भरली जाऊ लागली.

'भाऊ' म्हणून आलेला तरुण

१९७७ च्या मध्यावर आयांमध्ये एक देखणा, सोनेरी केसांचा तरुण येऊ लागला. नाव गुस्तावो निन्यो. आपला भाऊ गायब आहे म्हणून सांगायचा. बायकांना त्याची काळजी वाटायची. इतक्या तरुण पोराने चौकात येऊ नये, त्याला उचलतील, म्हणून त्या त्याला मागे ठेवायच्या. तो होता नौदलाचा लेफ्टनंट आल्फ्रेदो आस्तिस.

८ डिसेंबर १९७७. सांता क्रूझ चर्च. गायब माणसांची नावं वर्तमानपत्रात जाहिरात म्हणून छापायची होती, त्यासाठी वर्गणी जमा होत होती. बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणाला धरायचं हे आस्तिसने दाखवून दिलं होतं. एस्तेर बाइयेस्त्रिनो दे कारेआगा आणि मारिया पोन्से दे बियांको या दोन आया आणि फ्रेंच नन आलिस दोमों यांच्यासह अनेकांना गाड्यांत कोंबलं. तरीही उरलेल्या आयांनी जाहिरात दिली. १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, ती 'ला नासियोन' दैनिकात आली. त्या सकाळी असुसेना पेपर आणायला घराबाहेर पडल्या आणि रस्त्यातूनच त्यांना उचललं. त्याच दिवशी दुसऱ्या फ्रेंच नन लेओनी दुके यांना नेलं. एकूण बारा जण.

यातल्या एस्तेर बाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. त्या मूळच्या पॅराग्वेच्या, जीवरसायनशास्त्रज्ञ. १९५० च्या दशकात एका प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली होर्खे बेर्गोल्यो नावाचा तरुण काम करायचा. हाच पुढे पोप फ्रान्सिस झाला. १९७७ च्या जूनमध्ये त्यांच्या सोळा वर्षांच्या गरोदर मुलीला उचललं, आणि काही महिन्यांनी चक्क सोडून दिलं. असं फार थोड्यांच्या नशिबी आलं. बाईंनी मुलींना परदेशात सुरक्षित पोचवलं आणि स्वतः परत येऊन चौकात उभ्या राहिल्या. बाकीच्या आया म्हणाल्या, तुमची मुलगी मिळाली ना, आता कशाला येता? त्यांचं म्हणणं होतं की सगळ्यांची मुलं मिळेपर्यंत यायचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत सांता क्रूझचा प्रकार घडला.

पुढच्या गुरुवारी चौकात किती जणी येतील असं सरकारला वाटलं असेल? ज्यांनी हे सुरू केलं त्याच गेल्या होत्या. घरोघरी नवरे, मुलं, सुना विनवत होत्या की आता पुरे. बऱ्याच जणी थांबल्या, आणि त्यांना कोणी दोष देऊ शकत नाही. पण काही आल्या. आंदोलन मोडायचं असेल तर पुढारी उचला, हा जगभरच्या पोलिसांचा आडाखा इथे चुकला. कारण इथे पुढारी नव्हतेच, होती ती एकेका घरातली रिकामी खाट.

गोल झाला की टाळ्या, आणि जवळच छळछावणी

१ जून १९७८ ला अर्जेंटिनात फुटबॉलचा वर्ल्ड कप सुरू झाला. योगायोगाने तो गुरुवार होता. जगभरचे पत्रकार शहरात होते. उद्घाटन सोहळा चालू असताना नेदरलँड्सच्या टीव्हीची माणसं चौकात गेली आणि त्यांनी आयांचं चित्रीकरण केलं. कॅमेऱ्यासमोर रडत, ओरडत बोलणाऱ्या त्या बायका युरोपातल्या घराघरांत पोचल्या. ज्या स्टेडियमवर २५ जूनला अंतिम सामना झाला आणि अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ हरवलं, तिथून नौदलाची ईएसएमए ही यांत्रिकी शाळा हाकेच्या नसली तरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. या शाळेच्या इमारतीत सुमारे पाच हजार माणसं कोंडली गेली. त्यातली फार थोडी जिवंत बाहेर आली.

१९७९ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांच्या मानवी हक्क आयोगाचं पथक चौकशीला आलं तेव्हा सरकारने गाड्यांवर स्टिकर वाटले, ज्यावर 'मानवी हक्क' या शब्दांवर कोटी केलेली होती. आयोगाच्या कचेरीपुढे मात्र तक्रार द्यायला आलेल्यांची लांबच लांब रांग लागली. त्याच वर्षी सरकारने कायदा केला की गायब माणसाला मृत घोषित करता येईल. म्हणजे विमा, वारसा, विधवेचा पुनर्विवाह, सगळं मार्गी लागेल. वरकरणी सोयीचं. आयांनी नकार दिला. मृत म्हणायचं तर कोणी मारलं ते सांगा. 'जिवंत नेलंत, जिवंत परत द्या' ही मागणी वेडगळ वाटू शकते, कारण तोवर बहुतेकींना मनातून सत्य कळलं होतं. पण तिच्यात कायद्याचा पक्का मुद्दा दडलेला होता. मृत्यू मान्य केला असता तर फाइल बंद झाली असती.

राजवट पडली, ती कशामुळे?

इथे प्रामाणिक राहायला हवं. आयांनी लष्करी राजवट पाडली, असं सोशल मीडियावर लिहिलं जातं. ते खरं नाही. अर्थव्यवस्था कोलमडली होती. एप्रिल १९८२ मध्ये लष्कराने ब्रिटनच्या ताब्यातल्या फॉकलंड बेटांवर स्वारी केली. त्या दिवसांत प्लाझा दे मायोमध्ये झेंडे घेऊन प्रचंड गर्दी उसळली. युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या आयांना लोकांनी देशद्रोही म्हटलं. बेटं अर्जेंटिनाची आहेत, तशी गायब माणसंही अर्जेंटिनाचीच आहेत, असं त्या म्हणत राहिल्या. १४ जूनला अर्जेंटिनाने शरणागती पत्करली आणि सेनाधिकाऱ्यांची उरलीसुरली अब्रू गेली. ३० ऑक्टोबर १९८३ ला निवडणूक झाली, राउल आल्फोन्सिन राष्ट्राध्यक्ष झाले.

मग आयांनी काय साधलं? जाता जाता सेनाधिकाऱ्यांनी स्वतःलाच माफी देणारा कायदा करून ठेवला होता. शेजारी देशांत असे कायदे टिकले आणि वर्षानुवर्षं प्रकरणं दडपली गेली. अर्जेंटिनात नव्या संसदेने तो लगेच रद्द केला, कारण हा विषय झाकणं तोवर अशक्य झालं होतं. लेखक एर्नेस्तो साबातो यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८४ मध्ये ८,९६० गायब माणसांची आणि सुमारे ३४० गुप्त छावण्यांची नोंद केली. मानवी हक्क संघटना हा आकडा ३०,००० सांगतात. तिकडे आजही या आकड्यावरून राजकारण चालतं, सध्याचे राष्ट्राध्यक्ष हावियर मिलेई ३०,००० चा आकडा मानत नाहीत. कागद नष्ट करणाऱ्यांच्या गुन्ह्याचा नेमका हिशेब लागत नाही, ही अडचण दोन्ही बाजूंना आहे.

१९८५ मध्ये सामान्य नागरी न्यायालयात सेनाप्रमुखांवर खटला चालला. व्हिदेला आणि मासेरा यांना जन्मठेप झाली. 'अर्जेंटिना, १९८५' हा सिनेमा याच खटल्यावर आहे. सिनेमा तिथे संपतो, पण खरी कटकट त्यानंतर सुरू झाली. लष्करात बंडाची कुजबुज वाढली तसं सरकार नमलं. १९८६ आणि १९८७ मध्ये दोन कायदे आले: एकाने नवे खटले भरायला मुदत घातली, दुसऱ्याने 'वरिष्ठांचा हुकूम पाळला' म्हणणाऱ्यांना मोकळं केलं. राष्ट्राध्यक्ष कार्लोस मेनेम यांनी १९८९-९० मध्ये शिक्षा झालेल्यांनाही माफ केलं. व्हिदेला घरी गेला. आया परत चौकात. लोकशाही सरकारपुढे त्याच प्रश्नासाठी, त्याच गुरुवारी.

१९९५ मध्ये नौदलाचा माजी अधिकारी आदोल्फो सिलिंगो याने जाहीरपणे सांगितलं की कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन, कपडे काढून, विमानातून जिवंत समुद्रात फेकलं जायचं. अशा दोन उड्डाणांत तो स्वतः होता.

आज्यांना हवी होती वेगळी रक्तचाचणी

कैद केलेल्या बायकांपैकी बऱ्याच गरोदर होत्या. त्यांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवायचे, मग आईला मारायचे आणि बाळ एखाद्या लष्करी किंवा पोलीस कुटुंबात, कधी अजाण दांपत्यालाही, दिलं जायचं. जन्मदाखला खोटा. अशी सुमारे ५०० मुलं असावीत असा अंदाज आहे. त्यांना शोधायला १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये बारा आज्यांनी वेगळी संघटना काढली.

अडचण अशी की मूल सापडलं तरी ते आपलं नातवंड आहे हे सिद्ध कसं करणार? आईबापाचं रक्त तपासून नातं ठरवता येतं, पण आईबापच नाहीत. आज्यांनी परदेशातल्या शास्त्रज्ञांचे उंबरे झिजवले आणि विचारलं की आजी-आजोबांच्या रक्तावरून नातं ठरवता येईल का. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या तरुण जनुकशास्त्रज्ञ या कामात उतरल्या. आधी रक्तातल्या काही प्रथिनांच्या आधारे संभाव्यता काढायचं सूत्र तयार झालं. पुढे मायटोकाँड्रियल डीएनए कामी आला. हा डीएनए फक्त आईकडून मुलांकडे जातो, म्हणजे आईची आई एकटी उरली असली तरी पुरे. १९८७ मध्ये सरकारला कायद्याने राष्ट्रीय जनुकीय बँक उभारावी लागली. आज्या उद्या नसतील, पण त्यांचं रक्त वाट बघत राहील, असा यामागचा विचार.

आजवर १४० च्या आसपास नातवंडांची ओळख पटली आहे. संघटनेच्या अध्यक्ष एस्तेला दे कार्लोटो इतरांची नातवंडं शोधता शोधता म्हाताऱ्या झाल्या. त्यांचा स्वतःचा नातू २०१४ मध्ये सापडला, यादीत ११४ वा. सगळ्या गोष्टी अशा गोड नसतात. वयाच्या तिशीत एखाद्याला कळतं की ज्यांना तो आईबाबा म्हणतो त्यांनी त्याला चोरलंय, किंवा त्याच्या खऱ्या आईच्या खुनात त्यांचा हात आहे. काहींनी चाचणी द्यायलाच नकार दिला आणि प्रकरणं कोर्टात लढली गेली.

आयांमधली फूट

१९८६ मध्ये आयांची संघटना फुटली. एबे दे बोनाफिनी यांच्या गटाचं म्हणणं होतं की अस्थी उकरू नका, सरकारी भरपाई घेऊ नका, ते घेणं म्हणजे तडजोड. दुसऱ्या, 'संस्थापक' म्हणवणाऱ्या गटाला अस्थी हव्या होत्या, पुरावा आणि अंत्यसंस्कार म्हणून. दोन्ही बाजूंच्या बायकांची मुलं गेलेली, त्यामुळे कोण चूक हे बाहेरच्याने सांगणं अवघड. बोनाफिनी पुढे राजकारणात अधिकाधिक ओढल्या गेल्या. त्यांच्या काही वक्तव्यांवर जगभर टीका झाली, आणि २०११ मध्ये त्यांच्या संघटनेच्या सरकारी पैशातून चालणाऱ्या घरबांधणी योजनेत मोठ्या अफरातफरीचा आरोप झाला. आंदोलनाची बदनामी करू इच्छिणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. संतपणाचा शिक्का बसलेल्या माणसांना असे डाग जास्त महाग पडतात.

समुद्राने परत दिलेल्या

१९७७ च्या डिसेंबर अखेरीस ब्वेनोस आयरेसच्या दक्षिणेला सांता तेरेसिता गावाजवळ किनाऱ्यावर मृतदेह लागले होते. स्थानिक डॉक्टरांनी नोंद केली की उंचावरून कठीण पृष्ठभागावर आपटल्याच्या या जखमा आहेत. मग त्यांना खेनेराल लावाये गावच्या दफनभूमीत बेनाम पुरण्यात आलं.

१९८४ मध्ये क्लाइड स्नो हे अमेरिकन न्यायवैद्यक तज्ज्ञ अर्जेंटिनात आले होते आणि त्यांनी काही कॉलेजच्या मुलामुलींना हाडं वाचायला शिकवलं. त्यांच्यातूनच अर्जेंटिनाचं न्यायवैद्यक मानववंशशास्त्र पथक उभं राहिलं, ज्याने पुढे अनेक देशांतली सामूहिक थडगी तपासली. २००५ मध्ये या पथकाने त्या बेनाम थडग्यांतली नावं सांगितली: असुसेना व्हिलाफ्लोर, एस्तेर बाइयेस्त्रिनो, मारिया पोन्से, लेओनी दुके. असुसेना यांच्या अस्थी त्याच वर्षी ८ डिसेंबरला चौकातल्या मनोऱ्याच्या पायथ्याशी ठेवल्या गेल्या. एस्तेर आणि इतर दोघी सांता क्रूझ चर्चच्या आवारात आहेत. त्याला परवानगी देणारे आर्चबिशप होते बेर्गोल्यो.

त्याच २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने माफीचे दोन्ही कायदे घटनाबाह्य ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. तेव्हापासून हजाराहून अधिक जणांना शिक्षा झाल्या आहेत. आस्तिसला २६ ऑक्टोबर २०११ ला जन्मठेप झाली. बाळं चोरण्याच्या खटल्यात व्हिदेलाला २०१२ मध्ये ५० वर्षांची शिक्षा सुनावली गेली, आणि २०१३ मध्ये तो तुरुंगातच मेला. असुसेना आणि त्यांच्या सोबत्यांना ज्यातून फेकलं ते स्कायव्हॅन विमान अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सापडलं. ईएसएमएमधून वाचलेल्या पत्रकार मिरियम लेविन आणि एक इटालियन छायाचित्रकार यांनी ते हुडकलं. विमानाच्या उड्डाणनोंदी शाबूत होत्या, १४ डिसेंबर १९७७ च्या रात्रीची तीन तासांची नोंदही. त्या कागदांनी वैमानिकांना २०१७ मध्ये जन्मठेपेपर्यंत नेलं. विमान २०२३ मध्ये परत आणून ईएसएमएच्या आवारात ठेवलं आहे. ती इमारत आता संग्रहालय आहे आणि युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

इस्तंबूलमध्ये १९९५ पासून शनिवारी बसणाऱ्या आया, क्युबातल्या पांढऱ्या कपड्यातल्या बायका, श्रीनगरमध्ये बेपत्ता मुलांचे फोटो घेऊन बसणारे पालक, यांच्याकडे बघताना या चौकाची आठवण निघतेच.

प्लाझा दे मायोमध्ये दर गुरुवारी साडेतीनला अजूनही फेरी निघते. मूळच्या आया आता अगदी थोड्या उरल्या आहेत. त्यांच्यातल्या नोरा कोर्तिन्यास ३० मे २०२४ ला, वयाच्या ९४ व्या वर्षी गेल्या. मुलगा गुस्तावो याला १५ एप्रिल १९७७ ला नेलं होतं. त्याच्याबाबतचा एकही सरकारी कागद त्यांना कधी मिळाला नाही.